रस्स्यानं काय होते?

धापेवाड्याला, म्हणजे आम्हा वैदर्भीयांच्या पंढरीत, विठोबासमोर तुळशीची माळ घातली तेव्हा मटण सुटेल की नाही, एवढीच मला धास्ती होती. वर्षाच्या २४ एकादश्यांचीही नव्हती. मटण महिनाभरात सुटले. 'हा आपला माणूस आहे' हे चारचौघांत ऐकण्याची चटक मात्र सुटेना. नागपुरात बढती असो, बदली असो वा कुणाचे गृहकर्ज मंजूर झालेले असो, कचेरीतील मंडळी सावजीकडेच, म्हणजे झणझणीत मटणाच्या खानावळीतच जातात, आणि तिथे कोरडी पोळी चावत बसलेला माणूस चौकशीसाठी आला असावा, असे सर्वांना वाटते.

पहिल्याच जेवणात मी 'पित्तामुळे डॉक्टरांनी मनाई केली आहे' असे सांगून मोकळा झालो. लगेच सर्वांचे चेहरे हळवे झाले आणि कुणीतरी दह्याची वाटी पुढे सरकवली. अस्तित्वातच नसलेल्या डॉक्टरांचा शब्द असा शिरोधार्य, आणि अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या पांडुरंगाचे नाव घ्यायची मला लाज! ते पित्त मी दीड वर्ष सांभाळले. माळ दिसू नये म्हणून मे महिन्याच्या ४५ अंशांतही मी सदऱ्याची वरची गुंडी लावून हिंडत असे.

गोळीबार चौकातील एका जेवणात अखेर त्या गुंडीने दगा दिला. जवसाच्या तेलाची लालभडक तर्री कडेला साचलेली वाटी माझ्यापुढे ठेवत शेजारचे सहकारी म्हणाले, "तुकडे मी घेतो भाऊ, तू नुसता रस्सा घे. रस्स्यानं काय होते?" मी नको म्हणण्यासाठी वाकलो, गुंडी तुटून ताटात पडली आणि माळ थेट वाटीवर लोंबू लागली. ती हातात धरून मी म्हणालो, "विठोबाला शब्द दिला आहे."

बहिष्काराची माझी पूर्ण तयारी होती.

"मंग आधी सांगाचं नं बाप्पा! दीड वर्ष पित्त पित्त काय करून राहिला होता?" एवढे बोलून त्यांनी माझ्यासाठी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा मागवला. तो वेगळ्या पातेल्यातला आहे ना, हे मी दोनदा विचारले. वाढप्याला ते आवडले नाही, पण त्या दिवशी मी कुणाच्याच आवडीनिवडीला बधणार नव्हतो. त्याच भरात दोन वाट्या संपवल्या.

त्या रात्री मला आयुष्यातील पहिले खरे पित्त झाले. आता खऱ्या डॉक्टरांनी तिखट बंद केले आहे आणि कचेरीत त्यावर कुणीही विश्वास ठेवायला तयार नाही.