'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा?

सर, इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की अलंकारांवरच्या माझ्या लेखात व्याख्या नाहीत, नुसता वाक्यांचा खेळ आहे. 'सारखे' दिसलं की उपमा, 'जणू' किंवा 'वाटते' दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्यावर दहावीच्या मुलांचं भागतं. जास्त सांगितलं की ती गोंधळतात.

व्याख्या कुठल्याही गाइडात मिळतात, म्हणून मुद्दामच दिल्या नाहीत. अनुप्रास आणि यमक तर कानालाच कळतात. पण खुणेचा शब्द हुडकायची ही युक्ती पोरांना तोंडघशी पाडते. 'मडगावचा बाजार म्हापशाच्या बाजारासारखाच गजबजलेला आहे.' 'सारखा' आहे, 'गजबजलेला' हा समान धर्म, म्हणजे दोघांतला सारखा गुणही आहे. मग उपमा का नाही? कारण बाजाराची तुलना बाजाराशीच केली आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ११व्या शतकात 'साधर्म्यमुपमा भेदे' असं तीन शब्दांत सांगून टाकलं: दोन गोष्टी मुळात वेगळ्या हव्यात आणि तरी त्यांच्यात साम्य हवं. तुमच्या युक्तीत नेमका हा 'भेद' गळतो.

पावसाळ्यातली मांडवी नदी घ्या. तांबडी माती उतरून पाणी गढूळ होतं. बेतीच्या फेरीबोटीतून ये-जा करणाऱ्या पोराला ते वेगळं दाखवायला नको. 'मांडवीचं पाणी चहासारखं तांबूस झालंय' ही उपमा. 'मांडवीचं पाणी म्हणजे जणू चहाच' ही उत्प्रेक्षा: पाणी हा चहाच असावा, अशी कल्पना केली. 'मांडवीचं पाणी चहाच आहे' म्हटलं की रूपक, तिथे 'असावा'सुद्धा उरला नाही. आणि 'पुलाखालून चहा वाहतोय' म्हणालात तर उपमेयच (ज्याची तुलना करतो ते, इथे पाणी) गायब, ती अतिशयोक्ती. (तिचा हा प्रकार दहावीला नसला तरी चालेल, पण मुलांना तोच जास्त आवडतो!) नदी तीच, चहा तोच, उपमेय उपमानाच्या (ज्याच्याशी तुलना करतो त्याच्या, इथे चहाच्या) किती जवळ सरकलं, एवढंच बघायचं. हे ज्याला दिसलं, त्याला शब्दांची यादी पाठ करावी लागत नाही. शिवाय 'जणू' न वापरताही उत्प्रेक्षा होते, तिथे यादीवाला काय करणार?

उद्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहून बघा: 'मला ताप आल्यासारखं वाटतंय.' यात 'सारखं' आहे आणि 'वाटतंय'ही आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने उपमाही आणि उत्प्रेक्षाही. मुलं काय उत्तर देतात ते इथेच कळवा.