समुद्राची रील आणि डब्यावरचे आकडे

कोकणची ट्रिप ठरली की नागपुरातल्या गळवाल्यांमध्ये एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात असा: समुद्रासाठी स्पिनिंग रील घेताना बेअरिंग जितकी जास्त तितकी चांगली, ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन, म्हणजे गळाची दोरी, किती जोराला सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक) किमान १५ किलोचा हवा, साइज ८०००च्या खाली नको, आणि डब्यावर ‘सॉल्टवॉटर’ छापलं असेल तर गंजाची काळजीच मिटली. वर ‘सर्व मित्रांना पाठवा’.

चारही गोष्टी डबा हातात घेऊन तपासता येतात, म्हणून मेसेज पटतो. अडचण अशी की रीलचं बरंवाईट ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी डब्यावर छापलेल्याच नसतात.

आधी बेअरिंग. डब्यावर बेअरिंगचा आकडा ‘१२+१’ असा छापतात. त्यातला तो ‘+१’ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा रोलर क्लच. बाकीची कुठे बसवलीत हे बघायचं. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना, पिनियनला (त्याला जोडलेल्या छोट्या गिअरला) आणि लाइन रोलरला चांगली बेअरिंग असली की भागतं. आकडा फुगवायला उरलेली स्वस्त, उघडी बेअरिंग कुठेही कोंबतात, आणि खाऱ्या पाण्यात त्यातलं प्रत्येक म्हणजे गंजायला एक जास्तीची जागा. पाच-सहा झाकलेली बेअरिंग असलेली रील अशा बारावालीपेक्षा जास्त टिकते.

त्यातही लाइन रोलर नीट बघा. बेलच्या, म्हणजे लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाशी असलेली ही छोटी चकती. हिच्यावरूनच वळण घेऊन लाइन स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळायच्या फिरकीवर, जाते. समुद्रातून भिजून आलेली सगळी लाइन इथे निथळते, म्हणून मीठही सर्वात आधी इथेच साचतं. नख लावून चकती फिरवा. अडखळली किंवा आतून करकर जाणवली की समजा, मीठ पोचलं. पूर्ण जाम झालेल्या रोलरवर ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन एकाच जागी घासत राहते, तिला लव सुटते आणि मोक्याच्या वेळी ती तुटते. मग शिव्या खाते लाइन बनवणारी कंपनी.

आता १५ किलोचा ड्रॅग. खाडीत जिताड्यासाठी साधारण २० पाउंडाची ब्रेडेड लाइन चालते, म्हणजे ९ किलोची. ड्रॅग लावायचा तो लाइनच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश, म्हणजे सव्वादोन ते तीन किलो. १५ किलोचा ड्रॅग पूर्ण आवळला तर आधी लाइन जाईल. शंका असेल तर सामान तोलायचा हुकवाला काटा लाइनच्या टोकाला अडकवा, रॉड मासा लागल्यासारखी धरा आणि मित्राला काटा ओढायला सांगा. चार किलोलाच मनगट कुरकुरायला लागतं. पंधराचं नाव कोणी काढणार नाही.

हाच प्रयोग करताना काट्याकडे लक्ष ठेवा. लाइन सुटताना आकडा एका जागी टिकतो, की आधी चढतो आणि मग झटक्यात पडतो? झटका देणारा ड्रॅग २० किलोचा असला तरी कामाचा नाही, कारण मासा पळ काढतो त्या क्षणीच लाइन तुटते. तांबोशीचं प्रकरण थोडं वेगळं. ती लागली की सरळ खडकाच्या कपारीत नाहीतर खारफुटीच्या मुळांत घुसते, तिथे ड्रॅग जास्त लागतो हे खरं. पण मग लाइन आणि लीडरही (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) तेवढेच जाड लागतात. नुसती रील दणकट असून उपयोग नाही.

साइजचं लवकर आटोपू. आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. दायवा कंपनीने २०१८च्या सुमारास एलटी मालिका आणताना आपलेच आकडे बदलले, त्यामुळे तिथे नवा ४००० जुन्या ३०००च्या जवळ जातो. स्पूलवर किती लाइन मावते ते वाचा. खाडीत आणि खडकावरून गळ टाकायला ४००० ते ५०००ची रील पुरते. ८०००ची, सहाशे ग्रॅमच्या वरची रील हलक्या रॉडला लावून दिवसभर लूर (खोटं आमिष) फेकणाऱ्याचा खांदा संध्याकाळी काय म्हणतो ते त्यालाच विचारा. बोटीतून सुरमईच्या मागे जायचं असेल तर मोठी रील जरूर घ्या.

शेवटचा मुद्दा ‘सॉल्टवॉटर’चा, आणि आपल्या नागपूरकरांना हाच सगळ्यात महागात पडतो. ‘सॉल्टवॉटर’ या शब्दाला कुठलंही ठरलेलं माप नाही. माप आहे ते आयपीएक्सचं, म्हणजे पाणी आत शिरण्यापासून किती बचाव होतो त्याचं: पेन कंपनीच्या स्पिनफिशर सहा या रीलला आयपीएक्स ५ आहे, स्लॅमर चारला आयपीएक्स ६. पण तेही पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचं. मीठ वाळून महिनाभर बसलं तर काय, हे ते सांगत नाही. धातूची बॉडी म्हणून निश्चिंत राहू नका. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, विशेषतः स्टीलचा स्क्रू जिथे त्यात बसतो तिथे.

मालवणचा माणूस संध्याकाळी घरी येऊन रील धुतो. आपली मात्र ओल्या बॅगेत, गाडीच्या डिकीत, अख्खं राज्य ओलांडून येते, आणि पुढच्या रविवारपर्यंत बॅग कोणी उघडत नाही. मे महिन्यात त्या डिकीत काय भट्टी होते ते सांगायला नको. म्हणून लॉजवरच धुवा, भाऊ. ड्रॅग आवळायचा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या वॉशरपर्यंत (आतल्या चकत्यांपर्यंत) जात नाही. साध्या नळाच्या हलक्या धारेखाली धरायची. बादलीत बुडवायची नाही. जोराचा पाइप तर मुळीच मारायचा नाही, मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवायची, रोलरवर तेलाचा एक थेंब. मग ड्रॅग सैल करून ठेवायची, नाहीतर वॉशर दबून राहतात.

आणि पैसे देण्याआधी एक चौकशी करा, जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही: बेल स्प्रिंग, लाइन रोलर, ड्रॅग वॉशर सुटे मिळतात का, आणि सील असलेली रील खोलून देणारं कोणी आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर एक पायरी खालची, पण सुटे भाग मिळणारी रील घ्या.