मृतांसाठीची प्रार्थना आणि दर नोव्हेंबरला फिरणारा तो संदेश

दर वर्षी २ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन, जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: मृतांसाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये कुठेही नाही. शुद्धीस्थान, म्हणजे तरलेला आत्मा स्वर्गात जाण्याआधी जिथे शुद्ध होतो ती अवस्था, ही मध्ययुगातल्या पोपांनी पैशासाठी रचलेली गोष्ट आहे. माणूस मेला की त्याचा निकाल लागला, मग त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगून काय होणार? उलट त्याने ख्रिस्ताच्या क्रुसाचाच अपमान होतो. आणि मेलेल्यांशी संपर्क तर देवाने निषिद्धच ठरवला आहे.

नुकतंच कोणी गेलेल्या घरातही हा संदेश पोचतो, म्हणून गप्प बसवत नाही. ज्याची आई काल-परवा गेली त्याला 'तुझी प्रार्थना वाया जाते' असं सांगायचं असेल, तर सांगणाऱ्याने निदान इतिहास आणि शिकवण नीट वाचलेली असावी.

"बायबलमध्ये नाही."

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडा. लढाई संपल्यावर यहुदी सेनानी यहूदा मक्काबीची माणसं पडलेल्या सैनिकांना पुरायला जातात, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली यामनिया गावच्या मूर्तींचे ताईत सापडतात. नियमशास्त्राने मना केलेली वस्तू. हे पाहून बाकीचे सैनिक हे पाप पुसलं जावं म्हणून प्रार्थना करतात. यहूदा वर्गणी काढून सुमारे २००० चांदीच्या द्राख्मा पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. मृत पुन्हा उठतील अशी आशा नसती तर हे सगळं व्यर्थ ठरलं असतं, असंही लेखक स्पष्ट सांगतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ते पुस्तक आमच्या बायबलमध्ये नाही. मान्य, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते नाही. पण ३९७ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेने दिलेल्या बायबलच्या पुस्तकांच्या यादीत मक्काबींची दोन्ही पुस्तकं आहेत. म्हणजे 'बायबलमध्ये नाही' याचा खरा अर्थ 'आम्ही जे बायबल धरतो त्यात नाही' एवढाच होतो. आणि ज्याला हे पुस्तक देवप्रेरित वाटत नाही, त्यालाही इतिहास म्हणून एक गोष्ट मानावी लागते. ख्रिस्तजन्माआधीच निदान काही यहुदी लोक आपल्या मृतांसाठी प्रार्थना आणि अर्पण करत होते.

इथे आपल्या कॅथलिक बाजूनेही अतिशयोक्ती नको. या एका उताऱ्यावर शुद्धीस्थानाची सगळी शिकवण उभी करता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अनेसिफर या आपल्या साथीदारावर 'त्या दिवशी', म्हणजे न्यायाच्या दिवशी, दया व्हावी अशी पौलाची विनंती आहे. अनेसिफर तेव्हा वारला होता असं अनेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. ज्याचं काम अग्नीत जळेल तो स्वतः तरेल, पण जणू अग्नीतून, असं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. कॅथलिक शिकवण हे सगळे धागे एकत्र वाचते, आणि सुरुवातीपासून चालत आलेल्या प्रार्थनेच्या उजेडात वाचते.

"मध्ययुगात रचलं."

हा दावा तर पहिल्या काही शतकांतच कोसळतो. फ्रिजियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, अबर्सियस नावाच्या बिशपचा थडग्यावरचा लेख आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. तो २१६ सालच्या आधीचा आहे, कारण त्या वर्षाच्या दुसऱ्या एका थडग्यावर त्याची नक्कल केलेली सापडली. हा लेख ज्याला समजतो त्याने अबर्सियससाठी प्रार्थना करावी, अशी विनंती त्या दगडावर कोरली आहे. साधारण त्याच काळात तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की आम्ही मृतांसाठी वर्षश्राद्धासारखं दर वर्षी अर्पण करतो. लेखी आज्ञा मागाल तर ती नाही, ही परंपरा आहे, हेही तो उघडपणे सांगतो. म्हणजे त्याच्या काळात ही प्रथा नवी नव्हती, आधीपासून रुळलेली होती.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पर्पेतुआ. २०३ साली कार्थेजच्या तुरुंगात ही तरुण आई श्वापदांपुढे टाकली जाण्याची वाट पाहत होती. प्रार्थना करता करता तिच्या तोंडून अचानक धाकट्या भावाचं नाव आलं. डिनोक्रातेस सातव्या वर्षी, चेहऱ्यावरच्या भयंकर व्याधीने गेला होता. स्वप्नात तो तिला दिसला: तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम, समोर पाण्याचं कुंड, पण कुंडाचा काठ इतका उंच की त्याचा हात पोचेना. ती रात्रंदिवस त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. पुढच्या स्वप्नात काठ खाली आलेला, जखमेच्या जागी फक्त व्रण, आणि भाऊ पोटभर पाणी पिऊन खेळायला पळालेला. स्वप्नावरून सिद्धांत ठरत नाही, हे खरं. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या ख्रिस्ती बाईला मेलेल्या भावासाठी प्रार्थना करणं किती स्वाभाविक वाटलं, ते पाहा. पैसे उकळायला तिथे कोण होतं?

मध्ययुगात काय आलं, तेही सांगायला हवं. २ नोव्हेंबर ही तारीख आली, फ्रान्समधल्या क्लूनीचा मठाधिपती ओदिलो याच्यामुळे, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर. शिकवणीची अधिकृत मांडणी आली: १२७४ ची ल्यों येथील धर्मसभा, १४३९ ची फ्लॉरेन्सची, आणि पुढे १५६३ मध्ये ट्रेंटची. ट्रेंटने जेमतेम दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या: शुद्धीस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साची, मदत होते. किती वर्षं, कसली आग, यातलं काही ठरवलं नाही. उलट प्रवचनांतून असले नसते प्रश्न, अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ दूर ठेवा असं बिशपांना बजावलं.

"पैशासाठी."

इथे ख्रिस्तसभेच्या माथी खरा डाग आहे आणि तो झाकू नये. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या दंडातली सूट, मृत नातेवाइकांच्या नावावर अक्षरशः विकली गेली. त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडणाऱ्या, प्रॉटेस्टंट चळवळीच्या जनक ल्यूथरचा १५१७ चा संताप रास्त होता. (त्या ९५ मुद्द्यांत त्याने शुद्धीस्थान नाकारलं नव्हतं. ते त्याने १५३० मध्ये केलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं.) पैशाच्या बदल्यात दिलेल्या अशा सगळ्या सवलती पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केल्या.

आज मिस्सासाठी जे दान दिलं जातं, त्याचे नियम १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्यात, कोणालाही वाचता येतात. व्यापाराचा नुसता भासही नको. एका दानाला एक स्वतंत्र मिस्सा. फादरनी दिवसात तीन मिस्सा केल्या तरी, नाताळ सोडून, एकाच मिस्साचं दान स्वतःकडे ठेवायचं. गरिबाने काहीही दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा करावी अशी कळकळीची शिफारस आहे. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात माणसं हजारोंनी मरत असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा दिली. दान मात्र एकाच मिस्साचं घ्यायचं. दुसरी सर्व मृतांसाठी, तिसरी पोपच्या हेतूंसाठी. धंदा असा चालवत नाहीत.

"निकाल लागला, आता काही बदलत नाही", आणि त्याला जोडूनच "क्रुसाचा अपमान".

निकाल लागतो, हे कॅथलिक शिकवणच सांगते. इब्री लोकांस पत्रात म्हटल्याप्रमाणे माणसाने एकदाच मरायचं, मग न्याय. मेल्यावर दुसरी संधी नाही. शुद्धीस्थानातला प्रत्येक आत्मा आधीच तरलेला आहे, त्याचं स्वर्गात जाणं पक्कं आहे. प्रश्न फक्त एवढाच, की देवासमोर उभं राहण्याइतकं त्याचं मन निर्मळ झालं आहे का.

दारूच्या नशेत वर्षानुवर्षं बायकोमुलांना मारणारा माणूस शेवटच्या आजारात मनापासून पश्चात्ताप करतो. देव क्षमा करतो, पुरती, ख्रिस्ताच्या क्रुसामुळेच. पण आत मुरलेला राग आणि स्वतःपलीकडे न पाहण्याची सवय त्या एका क्षणात जाते का? मुलांच्या मनावरचे वण जातात का? क्षमा झाल्यावरही बरं व्हायचं उरतंच. हे बरं करणारा ख्रिस्तच आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात, जाळून शुद्ध करणारा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्त, त्याच्याशी होणारी भेट, असं अलीकडच्या ईश्वरविज्ञांचं मत मांडलं आहे. ती भेट आपल्या घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली तरी त्यांच्यासाठीची प्रार्थना उशिरा पोचली असं होत नाही. आणि मिस्सात आपण क्रुसाला काही जोडत नाही. त्याच एका बलिदानाच्या आधारावर मागतो. जिवंत माणसासाठी प्रार्थना केल्याने क्रुसाचा अपमान होत नसेल, तर मृतासाठी केल्याने कसा होईल?

मेलेल्यांशी संपर्काचा मुद्दा दोन ओळींत संपतो. आत्मे बोलावणं, त्यांच्याकडून भविष्य काढणं कॅथलिक धर्मशिक्षणातही साफ निषिद्ध आहे. मृतांसाठीची प्रार्थना देवाशी केलेली असते.

या संदेशाच्या काही आवृत्त्यांत शेवटी एक वाक्य जोडलेलं असतं: आत्महत्या करणाऱ्यासाठी तर प्रार्थना करूच नका. हे सगळ्यात निर्दय आहे. जाणूनबुजून जीव दिलेल्यांना चर्चचा अंत्यविधी नाकारणारा नियम १९१७ च्या कायद्यात होता, आणि त्याने कित्येक घरं होरपळली. १९८३ च्या कायद्यात तो नाही. आजची शिकवण सांगते की अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, त्यांना पश्चात्तापाची वाट देव त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. मिस्साच्या चौथ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच माहीत आहे अशा सर्व मृतांची आठवण केली जाते. तेव्हा अशा घरातल्यांनी बिनधास्त नाव द्यावं, मिस्सा सांगावी. हातात पैसे नसतील तर तसं फादरना सांगावं, नियम त्यांच्याच बाजूचा आहे.