परराज्यातून ऑनर्स कॉलेज: फिरणाऱ्या संदेशातली पाच विधाने

मुले हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेली की अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये दर वर्षी एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात (म्हणजे विद्यापीठातच निवडक विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या वेगळ्या विभागात) आपल्या मुलांना सहज घेतात, कारण विद्यापीठांना परराज्यातल्या मुलांची जादा फी हवी असते, एसएटी या प्रवेशपरीक्षेत १५०० च्या वर गुण असले की काम झाले, ऑनर्स मिळाले की फी जवळजवळ माफ होते, नाही झाली तरी एक वर्ष तिथे राहिले की राज्यातल्या मुलांची फी लागू होते, मात्र पहिल्या वर्षी ऑनर्स हुकले तर ते कायमचे हुकले. आम्ही न्यू जर्सीत राहतो, माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी या सगळ्यातून गेली, आणि यातल्या दोन विधानांवर मी स्वतः विसंबले होते. विद्यापीठातला प्रवेश, ऑनर्सची निवड आणि फीपुरते रहिवासीपण हे तीन निर्णय वेगवेगळे आहेत, बहुतेक ठिकाणी ते वेगवेगळी कार्यालये वेगवेगळ्या निकषांवर घेतात, आणि या संदेशाने ते एकाच गाठोड्यात बांधले आहेत.

जादा फीची गोष्ट अगदीच निराधार नाही. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी विद्यापीठांची अनुदाने कापली आणि ती तूट भरून काढण्यासाठी बऱ्याच विद्यापीठांनी परराज्यातले विद्यार्थी आवर्जून घेतले; अलाबामा विद्यापीठात आज निम्म्याहून अधिक विद्यार्थी राज्याबाहेरचे आहेत. पण तोच नियम सगळीकडे लावला की फसगत होते. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या वर्गात परराज्यातल्या विद्यार्थ्यांना १९८६ पासून १८ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यास विद्यापीठाला आर्थिक दंडाची तरतूद आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जवळपास ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांकडे जातात, आणि त्यातल्याही तीन चतुर्थांश जागा शाळेतल्या क्रमांकावर आपोआप भरल्या जातात. कॅलिफोर्नियाने तर बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो इथले परराज्याचे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. अशा ठिकाणी परराज्यातल्या मुलाला विद्यापीठाच्या दारातच अधिक कडक स्पर्धेला तोंड द्यावे लागते, ऑनर्सचा विचार त्यानंतरचा. शिवाय ऑनर्समधल्या जागा मुळातच मोजक्या असतात, कारण तिथले वर्ग लहान ठेवायचे असतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रबंधाला मार्गदर्शन करणारा प्राध्यापक लागतो; जादा फी आली म्हणून हे प्राध्यापक एका वर्षात वाढत नाहीत.

एसएटीचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे मुलांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होते. पेन स्टेटचे श्रायर ऑनर्स कॉलेज निवड करताना एसएटी किंवा तशाच एसीटी या परीक्षेचे गुण पाहतच नाही. त्यांचा स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र निबंध असतात, आणि निवड करणारे पाहतात ते निबंध आणि शाळेतली कामगिरी. उलट मेरिलँड विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजला वेगळा अर्जच नाही. विद्यापीठाच्या अर्जावरूनच निवड होते आणि त्यासाठी १ नोव्हेंबरची मुदत पाळणे महत्त्वाचे ठरते. म्हणजे एका ठिकाणी सगळा भर निबंधांवर, तर दुसऱ्या ठिकाणी तारखेवर, आणि यातले काहीही त्या पंधराशेच्या आकड्यात दिसत नाही. आमच्या घरी त्या वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर टायमर लावून सराव परीक्षा चालायची. १४८० चे १५३० झाले म्हणून मी शिरा केला. ज्या विद्यापीठावर तिचे मन बसले होते, तिथला मुख्य अर्ज आम्ही वेळेत भरला, पण ऑनर्सचा पुरवणी अर्ज निराळ्या पोर्टलवर भरायचा असतो हे आम्हाला मुदत उलटून चार दिवस झाल्यावर कळले. तिने तसे मेल केले. उत्तर दोन ओळींचे आणि नम्र होते, आणि त्यात मुदतवाढ नव्हती.

ऑनर्स म्हणजे फीमाफी हे तिसरे विधान. ऑनर्स कॉलेजातली निवड हा शैक्षणिक निर्णय आहे, शिष्यवृत्ती हा पैशांचा निर्णय आहे, आणि पहिल्यातून दुसरा आपोआप निघत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात तर नेहमीच्या फीवर आणखी ऑनर्सचे शुल्क भरावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचे मॅकॉले ऑनर्स कॉलेज फीमाफीसाठीच प्रसिद्ध आहे, पण ती माफी न्यूयॉर्कच्या रहिवाशांना मिळते. जर्सी सिटीच्या काठावर उभे राहिले की हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कचे मॅनहॅटन हाताच्या अंतरावर दिसते, तरी फीच्या हिशेबात ते परराज्यच. परराज्यातल्या मुलांसाठी चांगल्या सवलती आहेत, हेही तितकेच खरे. साउथ कॅरोलायना विद्यापीठाची मॅकनेअर शिष्यवृत्ती खास परराज्यातल्या गुणी विद्यार्थ्यांसाठी आहे. पश्चिमेकडच्या राज्यांनी आपसांत केलेल्या वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज या करारात सहभागी विद्यापीठे पात्र विद्यार्थ्यांकडून रहिवाशांच्या फीच्या दीडपटीहून जास्त घेत नाहीत. मात्र त्या कराराचा लाभ पश्चिमेकडच्या राज्यांतल्याच मुलांना मिळतो, न्यू जर्सीच्या मुलाला नाही, आणि कोणत्या विषयाला सवलत द्यायची हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते.

एका वर्षाच्या वास्तव्याचे विधान मुळातून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कनेटिकटमध्ये पूर्वी असा कायदा होता की अर्ज करताना परराज्यातला असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत परराज्यातलाच मानला जाई, मग तो खरोखर तिथे स्थायिक झाला तरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात तो रद्द केला. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केले की खरा रहिवासी कोण हे ठरवण्यासाठी राज्याला वाजवी निकष लावता येतील. आणि त्याआधी, १९७१ मध्ये, मिनेसोटाचा एक वर्षाच्या वास्तव्याचा नियम न्यायालयाने कायम ठेवला होता. संदेशात फक्त ते ‘एक वर्ष’ उरले आहे. प्रत्यक्षात ते वर्ष शिक्षणाखेरीज दुसऱ्या कारणासाठी राहिल्याचे असावे लागते, आणि आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचे रहिवासीपण बहुतेक राज्यांत आईवडिलांच्या पत्त्यावरून ठरते. रहिवासीपणाचा अर्ज एकदा नीट वाचून पाहावा: राज्याचे आयकर विवरणपत्र, घराचा करार, वाहन परवाना, आईवडील मुलाला करात अवलंबित दाखवतात का, आणि राज्यात येण्याचे कारण काय. वसतिगृहात राहणारे आणि उन्हाळ्यात घरी परतणारे मूल यातल्या पहिल्याच दोन प्रश्नांशी अडते. काही मोजक्या राज्यांचे नियम सैल आहेत, पण त्यांच्या भरवशावर चार वर्षांचा खर्च आखणे मला धोक्याचे वाटते.

इथे आपल्या समाजापुरती आणखी एक बाब आहे, आणि ती संदेशात कुठेच नाही. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांना अनेक राज्यांत, आईवडील तिथलेच रहिवासी असल्यास, राज्यातल्यांची फी लागू होऊ शकते. पण मूल २१ वर्षांचे झाले की एच-४ संपतो, ग्रीन कार्ड तोवर हाती आले नसेल तर बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर काही राज्यांत रहिवाशांची फीही हातची जाते. या मुलांना केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्यही मिळत नाही. ज्यांच्या ग्रीन कार्डाची रांग लांब आहे, त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची फी आधीच निराळी मांडून पाहावी.

राहिले शेवटचे विधान, पहिल्या वर्षी हुकले की कायमचे हुकले. ते सरळ चुकीचे आहे. श्रायर आणि बॅरेट ही दोन्ही कॉलेजे विद्यापीठात आधीपासून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचेही अर्ज घेतात, आणि त्या वेळी पाहिले जातात ते कॉलेजातले गुण आणि तिथले काम. माझ्या मुलीने पुरवणी अर्ज हुकलेल्या त्याच विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथल्या ऑनर्स कार्यालयाने पहिले वर्ष संपताना प्राध्यापकांचे पत्र मागितले; त्या वर्षभर ती दर मंगळवारी रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकांच्या भेटीच्या वेळेला शंका घेऊन जात असे, त्यामुळे पत्र कोणाचे घ्यायचे हा प्रश्न पडला नाही. गेल्या मे महिन्यात तिची निवड झाली. फी मात्र अजूनही परराज्याचीच भरतो.