तेव्हाच्या बायका सुखात होत्या, हे कोणाला विचारून ठरवलंत?

‘उंच माझा झोका’ किंवा तशा कुठल्याही जुन्या काळातल्या सिरीयलचा विषय निघाला की एक मेसेज फिरायला लागतो, या आठवड्यात तो मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्हीकडे खाली अंगठे आणि ‘अगदी खरं’. मेसेज लांबलचक आहे पण म्हणणं थोडक्यात असं: या सिरीयल्समधल्या बायका खोट्या आहेत, त्यांचे हाल वाढवून दाखवतात, त्या काळी बायकांना स्वातंत्र्य वगैरे नकोच होतं, त्या आपल्या संसारात सुखी होत्या, ज्या शिकल्या त्या नवऱ्यांनी शिकवलं म्हणून, विरोध झाला तो घरातल्या बायकांकडूनच, आणि हे सगळं पुण्यातल्या चार ब्राह्मण घरांपुरतं होतं. आजचे विचार नऊवारी नेसवून दाखवतात आणि त्यामुळे घरं मोडतात, असा शेवट.

एरवी मी अशा मेसेजच्या नादी लागत नाही. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याला त्याच काळातल्या बायकांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहून ठेवलंय, त्यातलं बरंचसं आपल्याच भाषेत, आणि तरीही शिकलेली माणसं हा मेसेज पुढे ढकलतात, म्हणून लिहितेय.

‘सुखी होत्या’ हे आधी घेऊ. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. विधवेला मूल झालं हे कळलं तर जगू देणार नाहीत म्हणून तिनं ते केलं होतं. त्यावर वर्तमानपत्रांतून एकूण बायकांच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडायला लागले, आणि तिकडे बुलढाण्यात ताराबाई शिंदे हे वाचून इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तकच छापलं. जे जे दोष तुम्ही बायकांना चिकटवता ते सगळे पुरुषांत नाहीत का, असा सरळ सवाल त्यात आहे, आणि भाषा अशी धारदार की आज कोणी तशी पोस्ट टाकली तर याच ग्रुपवरून तिला बाहेर काढतील. म्हणजे ‘आजचे विचार’ बुलढाण्यातल्या एका बाईनं १८८२ मध्येच छापून आणले होते. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये आला होता, आणि ती तेव्हा शाळकरी पोर होती. सुखी माणसं असं लिहीत नाहीत हो.

आता ‘नवऱ्यांनी शिकवलं म्हणून शिकल्या’. यावर जरा थांबावं लागेल कारण यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार लवकर पसरतं.

रमाबाई रानडे, म्हणजे ज्यांच्यावर ती सिरीयल होती आणि २०१२ मध्ये आमच्याकडे अख्खं घर जिच्यासमोर बसायचं, त्या लग्नाआधी कुर्लेकरांची यमुना, गाव देवराष्ट्रे. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा ११ वर्षांच्या, अक्षरओळख नाही. नवरा ३१ वर्षांचा, आधीची बायको त्याच वर्षी गेलेली, विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस, आणि हा आता विधवेशीच लग्न करेल या धास्तीनं वडिलांनी घाईघाईनं या पोरीशी लग्न लावून दिलं. पाटी-पेन्सिल त्यानंच हातात दिली आणि चिकाटीनं शिकवलं, हे कोणी नाकारत नाही, रमाबाई तर नाहीच नाही, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचं १९१० चं पुस्तक उघडा, पानोपानी नवऱ्याबद्दलची भक्ती आहे, रात्री त्यांच्या पायांना तूप चोळायच्या तेही मनापासून लिहिलंय. मला ते वाचताना कधीकधी अवघडायला होतं पण ते त्यांचं आहे, मी ते खोडणार नाही.

पण न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. रमाबाई १९२४ पर्यंत होत्या. मधली २३ वर्षं कोण शिकवत होतं? १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली तिच्या अध्यक्ष त्या होत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथे विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिक्षण, नर्सिंगचं ट्रेनिंग मिळायला लागलं, आणि परक्याच्या अंगाला हात लावायचं काम म्हणून नर्सिंगकडे नाक मुरडलं जायचं त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीचं शिक्षण आधी फक्त मुलांना द्या, मुलींचं नंतर बघू अशी भूमिका निघाली तेव्हा मुलींच्या बाजूनं त्या उभ्या राहिल्या, बायकांच्या मताच्या हक्कासाठीही. हे सगळं विधवेनं केलं, जिनं त्या काळच्या रीतीनं कोपऱ्यात बसायचं असतं. पाटी नवऱ्यानं दिली असेल, त्यावर काय लिहायचं हे बाईनं ठरवलं.

आणि नवरे शिकवायचे म्हणजे कसे शिकवायचे हेही एकदा बोलायला हवं, कारण मेसेजमध्ये त्याचं फार गोड चित्र आहे. आनंदीबाई जोशी ९ वर्षांच्या असताना लग्न झालं, १४ व्या वर्षी मूल झालं आणि १० दिवसांत गेलं. गोपाळरावांनी शिकवलं, अमेरिकेला पाठवलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात काय आहे माहितीये का, की लहान असताना तुम्ही मला लाकडानं मारलंत, पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जाईन म्हणून धमक्या दिल्यात. हे त्या बाईनं नवऱ्याच्या तोंडावर लिहिलं, आणि ऋण मानूनही लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच मनात होत्या. १८८३ च्या फेब्रुवारीत, १८ वर्षंही पूर्ण नसताना, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून ‘मी अमेरिकेला का जाते’ हे त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितलं, की या देशाला बायका डॉक्टरांची गरज आहे, आणि रस्त्यानं चालताना लोक कशी टर उडवतात तेही सांगितलं. हे ऐकून पण कोणी म्हणत असेल की तिला स्वतःला काही नको होतं तर मग मला पुढे बोलता येत नाही. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डिग्री, १८८७ च्या फेब्रुवारीत मृत्यू, वयाची २२ वर्षंही झाली नव्हती.

‘बायकाच बायकांच्या शत्रू’ या वाक्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. रानड्यांच्या घरात मोठ्या बायकांनी रमाबाईंना छळलं हे खरंय, गव्हर्नरसमोर मुलींच्या हायस्कूलसाठी त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचलं त्या दिवशी घरी आल्यावर काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी लिहिलंय. पण त्या बायका कोण होत्या बघा ना. रानड्यांची सख्खी बहीण दुर्गा विधवा. ज्या बाईच्या हातातून सगळंच काढून घेतलंय, जिला घरात राहायची जागा फक्त चालीरीती नीट पाळल्या म्हणून मिळते, तिच्यासमोर दुसरी बाई पाटी घेऊन बसली की तिला काय वाटेल? तिला राग येतो तो शत्रू म्हणून येत नाही.

आणि घराबाहेर कोण होतं? सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे घरातल्या सासवा नव्हत्या. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही जेमतेम १०-११ वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, त्यानंतर संमतीवयाची मर्यादा १० वरून १२ करायचा कायदा आला, १८९१ मध्ये, फक्त दोन वर्षं वाढवायची होती, आणि त्याच्या विरोधात ‘केसरी’तून टिळकांनी रान उठवलं. टिळकांची बाकीची थोरवी मी मानते, पण हे त्यांनी केलं आणि ते लपवून बायकांवर ढकलता येणार नाही. केशवपन कोण करत होतं, न्हावी, कोणाच्या सांगण्यावरून, घरच्या कर्त्या पुरुषाच्या आणि भटजींच्या, आणि १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून विधवांचे केस कापणार नाही असा संप घडवला तेव्हा त्या न्हाव्यांना जे दिसलं ते आजच्या शिकल्यासवरलेल्यांना दिसू नये?

पिरियड सिरीयल्समधल्या विधवा एकदा बघा, म्हणजे ‘वाढवून दाखवतात’ याचंही उत्तर मिळेल. खरी तर तक्रार उलटी करायला पाहिजे. कमी करून दाखवतात. सगळं चकचकीत, वाडे रंगवलेले, बाळंतपणात मेलेली १३ वर्षांची पोर जेवणाच्या वेळेला कोण दाखवणार.

‘पुण्यातली चार ब्राह्मण घरं’ या मुद्द्यात चॅनेलवाल्यांना लागू पडेल असं काहीतरी आहे. गोष्टी निवडताना त्याच त्या घरांकडे बघितलं जातं, याचा मला स्वतःला त्रास होतो. पण म्हणून इतिहास तेवढाच होत नाही. ताराबाई मराठा, वडील सत्यशोधक. मुक्ता साळवेचं वर सांगितलंच. भिडेवाड्यातली १८४८ ची शाळा काढणारे फुले ब्राह्मण नव्हते. आणि रखमाबाई.

रखमाबाईंवर खरं तर शंभर भागांची सिरीयल व्हायला पाहिजे. सुतार समाजातल्या, आई विधवा झाल्यावर तिचं दुसरं लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झालं कारण त्यांच्या जातीत ते चालायचं. ११ व्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न, पण ती माहेरीच राहिली, शिकली, आणि मोठी झाल्यावर म्हणाली मी नांदायला जाणार नाही, हे लग्न मला विचारून झालेलं नाही. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूनं निकाल दिला, मग अपील, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंग. मधल्या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीनं बालविवाहाविरुद्ध तिची पत्रं येत होती. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला २००० रुपये देऊन तडजोड झाली, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परत आली, सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले.

आता सांगा, यात घर कोणी मोडलं? जे घर कधी बसलंच नव्हतं ते? २२ वर्षांच्या बाईला पोलिसांच्या धाकानं नांदायला पाठवायचं, त्याला घर टिकवणं म्हणतात का?

रखमाबाई ९० वर्षं जगल्या. १८८४ मध्ये त्यांच्यावर केस झाली तेव्हा नको असलेल्या लग्नातून बाहेर पडायला हिंदू बाईला कायद्यात दारच नव्हतं. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, घटस्फोटाची तरतूद देशभर आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. मधे ७१ वर्षं. आणि त्या कायद्याचं कलम ९ काढून वाचा, नवऱ्यानं किंवा बायकोनं ‘नांदायला ये’ म्हणून कोर्टात दावा लावायची सोय त्यात ठेवलेलीच आहे, म्हणजे दादाजीचा तो दावा आजही दाखल होऊ शकतो.