प्रस्थान: जीटीके ३ ते जीटीके ४

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या लिनक्सवरच्या एका छोट्या प्रोग्राममधून निघतात. तो मी सी भाषेत, जीटीके ३ वर लिहिलेला. जीटीके म्हणजे प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं, याद्या काढून देणारी तयार लायब्ररी. चांगला चालतो, आणि नेमकं तेच नवीन लायब्ररी काढणाऱ्यांना बघवत नाही. जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आलं. बरीच वर्षं मी त्याच्याकडे काणाडोळा केला, मग एकदाचा बसलो.

पहिल्याच कंपाइलला, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनवताना, स्क्रीन एररनी भरून वाहिली. इव्हेंट-बॉक्स गेला. मेन्यू गेला. ज्याच्या पोटात सगळे विजेट, म्हणजे बटणं, याद्या वगैरे राहायचे, तो कंटेनर नावाचा अख्खा वर्गच नाहीसा. 'शो-ऑल'सुद्धा गेलं, कारण आता विजेट जन्मतःच दिसतात. त्यामुळे फक्त सेक्रेटरींपुरतं लपवून ठेवलेलं 'दंड माफ' हे बटण चारचौघांत ऐटीत उभं!

खरा छळ 'डायलॉग-रन'चा. पूर्वी 'सेव्ह करू का?' असं विचारलं की सही मिळेपर्यंत कुरिअरवाला दारात थांबतो तसा प्रोग्राम त्याच ओळीवर थांबायचा. आता प्रश्न टाकायचा आणि पुढे चालू पडायचं. उत्तर आलंच तर दुसऱ्या फंक्शनमध्ये, कॉलबॅकमध्ये येईल. सरळ वरून खाली वाचता येणारा कोड त्यामुळे चार ठिकाणी विखुरला. बरं, एवढं करून डायलॉग जागेवर बसवला, तर मार्च २०२३ च्या ४.१० या आवृत्तीपासून डायलॉगच मोडीत काढलाय, म्हणजे चालतो, पण वापरू नका म्हणतात. आता अलर्ट-डायलॉग वापरा म्हणे.

अशा वेळी मला गिंपचा फार आधार वाटतो. जीटीके मुळात जन्मलं ते या चित्र-संपादकासाठी; नावातला 'जी' गिंपचाच. आणि त्या गिंपने जीटीके ३ वर मुक्काम हलवला मार्च २०२५ मध्ये, म्हणजे जीटीके ४ येऊन चार वर्षं उलटल्यावर! घरच्यांनाच घाई नाही, तर मी कशाला जीव काढू?

हे सेक्रेटरीकाकांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी नवा प्रोग्राम उघडला, खालीवर पाहिला.

"सगळं तर तेच दिसतंय रे. मग इतके दिवस काय केलंस?"

"काका, तेच दिसावं म्हणूनच."

"बरं, ती थकबाकीदारांची यादी काढ. नोटिसा पाठवायच्यात."

ती यादी ट्री-व्ह्यू नावाच्या विजेटमध्ये आहे. ट्री-व्ह्यूही ४.१० पासून मोडीत. कंपाइल करताना दर वेळी त्याची वॉर्निंग येते. थकबाकीदारांना नोटीस जायच्या आधी त्यांच्या यादीलाच नोटीस लागली आहे.