उन्हाळ्याचा तो "४५ ते ५५ अंश"वाला मेसेज आमच्या घरात पोचला, म्हणून हे लिहितोय

गेल्या आठवड्यात आत्याने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, तुम्हालाही आला असणार. "हवामान खात्याचा इशारा, २९ एप्रिल ते १२ मे तापमान ४५ ते ५५ अंश, सकाळी १० ते दुपारी ३ कोणीही बाहेर पडू नये." त्याला कोणीतरी विभागवार अंदाज जोडलाय, खोऱ्यातल्या जिल्ह्यांत ५५, घाटमाथ्यावर ४५, आणि किनारपट्टीला समुद्र असल्याने धोका नाही. मग सूचना. उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नका, रक्तवाहिन्या फुटतात, हातपाय धुऊ नका, अर्धा तास थांबून कोमट पाणी घ्या. गाडीची टाकी फुल्ल करू नका. खाली सही सिव्हिल डिफेन्स महासंचालनालयाची.

आमची रत्नागिरीजवळ कलमं आहेत. बाबांनी हे वाचलं, दहा ते तीन घरात बसले आणि तीन वाजल्यावर गड्यांना घेऊन आंबे उतरवायला गेले, किनारपट्टीला धोका नाही म्हटल्यावर डोक्याला टॉवेलसुद्धा गुंडाळला नाही. साडेपाचला परत आले ते डोकं गरगरतंय, पायात गोळे येतायत, उमासे येतायत. आणि आईने, मेसेजात लिहिलंय म्हणून, त्यांच्या हातातला माठातल्या पाण्याचा तांब्या काढून घेतला, अर्धा तास तसंच कोरडं बसवलं. शेजारचे डॉक्टर आले, त्यांनी आधी डोक्यावर, मानेवर पाणी ओतलं, ओआरएस पाजलं, तेव्हा कुठे तासाभराने ते नीट बोलायला लागले. आईचा यात काही दोष नाही, तिने काळजीनेच केलं सगळं.

म्हणून गार पाण्यापासूनच सुरू करतो. गार पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत. गार पाणी लागलं की कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, एवढं खरं आहे, पण आकसणं वेगळं आणि फुटणं वेगळं. उष्माघातात शरीराचं तापमान ४० च्या वर जातं, माणूस बरळायला लागतो, शुद्ध हरपते, आणि तेव्हा उपचार एकच, त्याला लवकरात लवकर थंड करणं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये उष्माघाताच्या रुग्णाला तातडीने थंड कसं करायचं यावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात थंड पाण्याचा आणि बर्फाचाच वापर सांगितलाय. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस वाचायची शक्यता खूप वाढते, आणि हा मेसेज नेमका तोच अर्धा तास वाया घालवायला सांगतो! सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीत असेल तर पाणी, ताक, लिंबू सरबत, ओआरएस काहीही द्या, माठातलं गार चालतं. शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

आता किनारपट्टीला धोका नाही हे. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषच बघा, मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, डोंगराळ भागात ३० आणि किनाऱ्यावर ३७, आणि सोबत ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असायला हवं. म्हणजे किनाऱ्याला ३७ लाच लाट धरतात, नागपूरला ३७ म्हणजे उन्हाळ्यात दिलासा. कारण आपल्याकडे हवेत दमटपणा इतका की घाम नुसता निथळत राहतो, सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम उघड्या मैदानात झाला, तापमान ३८ च्या आसपास होतं, १४ माणसं गेली. खारघर रायगड जिल्ह्यात आहे, समुद्र लांब नाही. आणि किनाऱ्यावर पारा चढतच नाही असंही नाही, मुंबईत १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ नोंदलंय. घाटावरून खाली उतरणारं पूर्वेचं गरम वारं जोरात असलं की समुद्रावरचं वारं दुपारी उशिरा येतं आणि मग किनारा तापतो.

घाटमाथ्यावर ४५ म्हणे. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी हवा थंड होते. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे ४५ झाले तर त्या हिशोबाने खाली महाडला ५४ व्हायला हवेत. लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा.

खोऱ्यांबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. जळगाव-भुसावळकडचं तापीचं खोरं, तिकडे विदर्भात चंद्रपूर-ब्रह्मपुरी, या दोन्हीकडे ४५-४६ हा नेहमीचा उन्हाळा आहे, समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश निरभ्र. पण ५५? भारतातला आजवरचा उच्चांक राजस्थानात फलोदीला ५१, १९ मे २०१६. जगाचा ५६.७, कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीला १९१३ मध्ये. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले होते आणि चॅनलवाल्यांनी दिवसभर ते चालवलं, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

तारखांचं तर बोलायलाच नको, "या वर्षी" असं लिहून त्याच तारखा दर उन्हाळ्यात फिरतात. हवामान खातं फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाळ्याचा अंदाज देतं, त्यात कुठल्या भागात सरासरीपेक्षा जास्त गरम राहायची किती शक्यता एवढंच असतं, अमुक दिवशी इतके अंश असं नसतं. जिल्हावार इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत काही दिवस आधी मिळतो, तो रोज बघावा लागतो.

दुपारचं ऊन टाळा हे बरोबरच आहे, सरकारी सूचनांतही आहे. पण तीन वाजले की ऊन संपलं असं नसतं, बऱ्याच ठिकाणी दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान दोन ते चारच्या मध्येच असतं. आंबे सकाळीच उतरवायचे, आजोबा तेच करायचे. टाकीचं म्हणाल तर इंडियन ऑइलने २०२२ मध्येच खुलासा केलाय की गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी उन्हाळ्यातही भरता येते.

आत्या, तुझ्यावर राग नाही, तुलाही कोणीतरी पाठवला असेल. पण ग्रुपवर त्याच्याखाली लिही की हा चुकीचा आहे, आणि तुझ्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला असशील तर तिथेही. बाबांचे अजून तीन आठवडे आंबे उतरवायचे आहेत, आणि आई अजून मला विचारतेय की माठातलं पाणी खरंच देऊ ना.